मूळ प्रत आणि चित्रसंपादनाची विद्या

‘संपादन’ हा शब्द आपल्याकडे फार प्रतिष्ठित आहे. ग्रंथाचे संपादन, मासिकाचे संपादन, द्रव्याचे संपादन आणि पुण्याचेही संपादन. जे प्रयत्नाने सिद्ध करावयाचे ते संपादन. अलीकडे या शब्दाला एक नवीन कर्म मिळाले आहे, ते म्हणजे छायाचित्र. शाळेतील मुले आज सहज फोटो ‘एडिट’ करतात, कलाशाळांतून तो अभ्यासाचा विषय झाला आहे, आणि देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, पालखीची छायाचित्रे, शताब्दीच्या स्मरणिका या सर्वांवरून त्या संस्काराचा हात फिरलेला असतो. ही विद्या अगदी नवी आहे, ती यंत्राने आणली आहे आणि आपल्या परंपरेशी तिचा काही संबंध नाही, असा समज सर्वत्र आढळतो. या समजुतीत तथ्य किती हे इतिहासाच्या साहाय्याने पाहावे, आणि विद्यार्थ्यास ही विद्या देताना प्रथम कोणती गोष्ट शिकविली पाहिजे याचा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगापुढे आली. त्या वर्षीच्या जानेवारीत दागेरच्या पद्धतीची वार्ता पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १९ ऑगस्ट रोजी तिची संपूर्ण कृती प्रकट करण्यात आली. इपोलित बायार नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच गृहस्थाने त्याच सुमारास कागदावर चित्र उमटविण्याची स्वतंत्र युक्ती काढली होती. परंतु राजमान्यता मिळाली ती दागेरला. बायारने १८४० साली आपला निषेध नोंदविला तो एका छायाचित्राने. त्या चित्रात तो स्वतःच बुडून मेलेल्या मनुष्याच्या रूपाने दिसतो, आणि चित्राच्या पाठीवर त्या दुर्दैवी ‘मृता’ची हकीकत लिहिलेली आहे. छायाचित्राला जन्मून पुरते एक वर्ष होते न होते तोच त्याने अशी खोटी साक्ष दिली. येथे संपादन नव्हते, केवळ मांडणी होती. परंतु यंत्र समोर असेल ते लिहिते आणि समोर काय असावे हे मनुष्य ठरवितो, हा धडा तेव्हाच मिळाला. ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हे वचन त्याच्या जन्मापासूनच अर्धे खरे आहे.

पुढे १८५७ साली ऑस्कर रेयलँडर या स्वीडनहून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या चित्रकाराने मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाचे एक भव्य छायाचित्र मांडले. एका बाजूस सदाचार, दुसऱ्या बाजूस दुराचार आणि मध्ये दोन तरुण, असा त्याचा विषय. एवढी पात्रे एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर उभी करणे शक्य नव्हते. म्हणून त्याने तीसहून अधिक निगेटिव्ह निरनिराळ्या घेतल्या आणि कागदाचा उरलेला भाग झाकून ठेवीत एकेक आकृती आपापल्या जागी छापली. व्हिक्टोरिया राणीने या चित्राची एक प्रत विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने क्षयाने खंगत चाललेल्या एका मुलीचे मरणशय्येवरील चित्र पाच निगेटिव्ह जोडून तयार केले. हे चित्र पाहून लोक हळहळले, आणि ते जुळवून केलेले आहे असे समजताच तेच लोक संतापले. चित्रातील दुःख रंगभूमीवरच्या दुःखाइतके खरे होते. परंतु प्रेक्षकाला आपण नाटक पाहत आहोत हे ठाऊक नव्हते. आमच्या मते चित्रसंपादनाचा सारा नैतिक प्रश्न या एका प्रसंगात सामावलेला आहे.

हे सर्व युरोपात घडत असताना मुंबई स्वस्थ बसलेली नव्हती. बाँबे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालची आहे, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील एक प्रमुख हिंदी सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि पुढे मुंबईत नामांकित छायाचित्रकार म्हणून प्रसिद्धीस आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी होत. याचा अर्थ असा की, जगात ही कला प्रकट होऊन सोळा वर्षे झाली नाहीत तोच ती आपल्याकडे शाळेचा विषय झाली होती. ओल्या कोलोडियनची काच तयार करणे, ती ओली असतानाच चित्र घेणे आणि लागलीच अंधारखोलीत धुणे हे काम पुस्तक वाचून येण्यासारखे नव्हते. हात काळे केल्यावाचून विद्या मिळत नसे. कृतीतून शिक्षण हा शब्दप्रयोग पुढे फार रूढ झाला, परंतु या वर्गात दुसऱ्या कोणत्या पद्धतीने शिकताच आले नसते.

इंदूर व हैदराबाद येथील वाचकांस राजा दीनदयाळ यांचे नाव सांगावयास नको. १८४४ साली सरधना येथे जन्मलेला हा मनुष्य रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकला, नोकरीसाठी इंदुरास आला, आणि १८७४ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली आणि तुकोजीराव होळकर यांचा आश्रय त्यास लाभला. पुढे सिकंदराबादेस त्याची चित्रशाळा निघाली, निजामाच्या दरबारचा तो छायाचित्रकार झाला, आणि १८९६ साली मुंबईतही त्याने शाखा उघडली. अशा मोठ्या चित्रशाळांतून छायाचित्र काढणारा एक आणि ते ‘रिटच’ करणारे निराळे अशी कामाची वाटणी होऊ लागली. तिरकस मेजावर काच उभी करून, मागून उजेड घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीने निगेटिव्हवरील सुरकुत्या व देवीचे व्रण भरून काढणे हा स्वतंत्र धंदा होता. निगेटिव्हवर जेथे पेन्सिल फिरेल तेथे कागदावर उजळ उमटे. जुन्या घरांच्या दिवाणखान्यांतून आपल्या पणजोबांच्या ज्या तुकतुकीत चेहऱ्याच्या तसबिरी दिसतात, त्यातील तुकतुकी कित्येकदा पेन्सिलीची असते. कागदावर आल्यानंतर त्यांच्यावर रंगही चढविला जाई. पगडीला लाल, शालीला हिरवा, कुड्यांना पांढरा ठिपका. घरच्या मंडळींस यात फसवणूक वाटली नाही आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

याहून बोलके उदाहरण नाथद्वाऱ्याचे आहे. श्रीनाथजींच्या दर्शनास येणारा भाविक आपला मनोरथ पूर्ण झाल्याची आठवण म्हणून एक चित्र करवून घेई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील चित्रकारांनी एक सुंदर युक्ती काढली. श्रीनाथजी, त्यांची वस्त्रे, पूजेची मांडणी व सेवेकरी हे सर्व ते हाताने रंगवीत, आणि यजमान व त्याच्या कुटुंबीयांचे चेहरे छायाचित्रांतून कापून त्या चित्रात चिकटवीत. मग सांधा दिसू नये म्हणून वरून रंगाचा हात देत. नाथद्वाऱ्याचे प्रसिद्ध चित्रकार घासीराम हे छायाचित्रणातही निष्णात होते. या मनोरथचित्रास खोटे म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. ‘अमुक दिवशी अमुक वाजता मी येथे असाच उभा होतो’ असे ते चित्र सांगतच नाही; ‘माझे मन येथे उभे आहे’ एवढेच ते सांगते. साक्षीदाराची तपासणी करताना वकील प्रथम हे पाहतो की, त्याने नेमके विधान काय केले. चित्राचीही तपासणी तशीच करावयास हवी. बदल केला म्हणून चित्र खोटे ठरत नाही. जे विधान ते करते ते असत्य असेल तरच ते खोटे ठरते.

वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली कलाभवन स्थापन झाले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून त्याच सुमारास तेथे आले, आणि तेथेच त्यांनी छायाचित्रणाचे व छपाईच्या नानाविध प्रक्रियांचे शिक्षण घेतले. १९१२ साली त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर ती काही क्षणांत वाढताना दिसली. हा छोटा चित्रपट दाखवूनच त्यांनी भांडवलासाठी मनुष्याचा विश्वास मिळविला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांतून देवांचे प्रकट होणे व अंतर्धान पावणे, एका चित्रावर दुसरे चित्र चढविणे या करामती त्यांनी केल्या. वाटाण्याची कुंडी म्हणजे आजच्या भाषेत एका विद्यार्थ्याचा ‘प्रोजेक्ट’च होय. साधन थोडे, विषय घरातला, परंतु पुरे करावयाचे म्हटले की चिकाटी, गणित व दृष्टी या तिन्हींची परीक्षा होते.

अशा प्रयोगांस शिक्षणशास्त्राचे रूप आले ते जर्मनीतील बाउहाउस या शाळेत. १९१९ साली वायमार येथे स्थापन झालेल्या या शाळेत १९२३ ते १९२८ या काळात लास्लो मोहोली-नॉज हा हंगेरियन कलावंत शिकवीत होता. आमच्या व्यवसायबंधूंस हे वाचून कौतुक वाटेल की, तो मूळचा बुडापेस्टमधील कायद्याचा विद्यार्थी. महायुद्धाने त्याचे शिक्षण मोडले आणि तो चित्राकडे वळला. कॅमेऱ्यावाचून केवळ प्रकाश व कागद यांनी चित्र करणे, छापील छायाचित्रांचे तुकडे रेषांनी जोडून नवी रचना करणे असे प्रयोग तो स्वतः करी व इतरांस त्यांची गोडी लावी. पुढच्या युगात ज्यास छायाचित्र वाचता येणार नाही तो निरक्षर गणला जाईल, अशा आशयाचे त्याचे मत होते. १९३३ साली ती शाळा बंद पडली. परंतु १९३७ मध्ये मोहोली-नॉजने शिकागो येथे तिची नवी शाखा काढली आणि जगातील असंख्य कलाशाळांनी तिची पद्धती उचलली. आधी नियम व मग कृती असा क्रम न ठेवता, आधी काम द्यावे आणि त्या कामातून नियम विद्यार्थ्याच्या लक्षात यावा, हे तिचे मर्म होय.

हीच कात्री त्याच काळात दुसऱ्या हातांतही होती. १९३७ सालच्या सुमारास मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनसमवेत चालत असलेल्या येझोव्ह या अधिकाऱ्याचे छायाचित्र घेतले गेले. १९४० साली येझोव्हला मृत्युदंड झाला, आणि नंतर प्रसृत झालेल्या चित्रात त्याच्या जागी केवळ कालव्याचे पाणी राहिले. रेयलँडरची युक्ती आणि या चित्राची युक्ती यांत हातचलाखीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अंतर आहे ते विधानात. हे चित्र ‘असे घडले’ असे सांगत होते आणि घडलेले मनुष्यच पुसत होते.

आता संगणकाकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श याने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राकरवी अंकांत रूपांतरित केले. उभ्या १७६ व आडव्या १७६ ओळींचे हे चित्र. म्हणजे अवघे ३०,९७६ ठिपके. या ठिपक्यास आज पिक्सेल म्हणतात. डिजिटल चित्र म्हणजे अशा ठिपक्यांची एक मोठी जमाखर्चाची वहीच होय. सामान्यतः प्रत्येक ठिपक्याच्या नावे लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे तीन आकडे मांडलेले असतात, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी. त्यांच्या मिश्रणाने १,६७,७७,२१६ रंगछटा संभवतात. चित्र उजळ करणे म्हणजे हे आकडे वाढविणे, आणि डाग काढणे म्हणजे शेजारच्या घरांतील आकडे त्या घरात भरणे. एकदा चित्राचे अंक झाले की पेन्सिल, कात्री व डिंक यांची जागा गणिताने घेतली.

या गणिताची साधने कोणी केली हे पाहू जाता एक मौजेची गोष्ट दिसते. १९६३ साली पडद्यावर थेट रेषा काढता येईल असा ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम इव्हान सदरलँड याने रचला, तो पीएच.डी.च्या प्रबंधासाठी. १९८७ साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यास करणाऱ्या टॉमस नोल याला आपल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर काळा व पांढरा यांच्यामधील करड्या छटा दिसेनात, म्हणून त्याने स्वतःपुरती एक छोटी आज्ञावली लिहिली. चित्रपटांच्या करामतींच्या धंद्यात असलेला त्याचा भाऊ जॉन याला ती उपयुक्त वाटली. दोघांनी मिळून ती वाढविली, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबी कंपनीने ती ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणली. त्यानंतर १९९५ साली बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ हा कार्यक्रम लिहावयास घेतला आणि १९९६ साली तो सर्वांस मोफत दिला. आजही तो कोणासही एक पैसा न देता वापरता येतो. या विद्येची साधनेच विद्यार्थ्यांच्या उपक्रमांतून निघालेली असल्यावर, ती विद्या उपक्रमांतून शिकवावी यात नवल ते काय?

नोल बंधूंच्या घरी त्यांच्या वडिलांची अंधारखोली होती, आणि तिची आठवण फोटोशॉपच्या साधनांत राहिली आहे. निगेटिव्हवरून छापताना एखादा भाग फार काळा होऊ नये म्हणून काडीला लावलेल्या चकतीने उजेड अडवीत, त्यास ‘डॉज’ म्हणत. दुसरा भाग अधिक गडद हवा असल्यास मुठीच्या फटीतून तेवढ्यावरच उजेड पाडीत, त्यास ‘बर्न’ म्हणत. फोटोशॉपमध्ये आजही त्याच नावांची साधने आहेत, आणि त्यांच्या खुणा म्हणून तीच काडी व तोच हात काढलेले आहेत. ‘मास्क’ म्हणजे रेयलँडरने कागदावर धरलेले झाकण. पांढरा भाग दाखवितो, काळा भाग लपवितो. १९९४ साली त्यात ‘लेयर’ आले, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. वरच्या काचेवर काहीही करा, खालचे चित्र अबाधित. विद्यार्थ्यास या गोष्टी व्याख्येने सांगितल्या तर त्या एका कानाने जाऊन दुसऱ्या कानाने निघतात. परंतु अंगणातील तुळशीवृंदावनाची पहाटेची, दुपारची व दिवेलागणीची अशी तीन छायाचित्रे त्याला घ्यावयास सांगा, आणि तिन्ही वेळा एकाच चित्रात गुंफून आणण्यास सांगा. छाया कोणत्या बाजूस पडते, दुपारचा पांढरा व पणतीचा पिवळा हे रंग एकमेकांशी का भांडतात, सांधा कोठे लपवावा, हे प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभे राहतात, आणि ज्याला प्रश्न पडला त्यालाच उत्तर लक्षात राहते.

दुसरा उपक्रम जुन्या छायाचित्राच्या जीर्णोद्धाराचा. तो आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण देवस्थानांच्या व महाजनांच्या घरी अशी चित्रे पुष्कळ आहेत आणि दमट हवेत ती बुरशीने खाल्ली जात आहेत. यात तंत्राबरोबर इतिहासही शिकावा लागतो. याचे एक उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकातील काचा निळ्या प्रकाशास फार हळव्या आणि लाल प्रकाशास जवळजवळ आंधळ्या असत. सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ साली. त्यामुळे जुन्या चित्रात निळे आकाश पांढरेफटक उतरते, आणि लाल कुंकू व लाल लुगडे काळे दिसते. हे ठाऊक नसलेला मुलगा आज अशा चित्रास रंग चढवू लागला तर तो काय करील? पणजीचे तांबडे आलवण तो काळ्या लुगड्यात बदलील, आणि त्या घरातील वैधव्याची एक खरी खूण कायमची पुसली जाईल. त्याने खोटे बोलण्याचे योजिले नव्हते. त्याने केवळ छटेवर विश्वास ठेवला. जीर्णोद्धार करणाऱ्याचे अज्ञान हे कधी कधी लबाडाच्या हेतूइतकेच नुकसान करते.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. काचेच्या किंवा फिल्मच्या युगात छपाईमध्ये काहीही केले तरी निगेटिव्ह शिल्लक असे. रॉबिन्सनच्या पाचही काचा मागवून सत्य पडताळता आले असते. डिजिटल चित्रात बदललेली फाइल जुन्या फाइलवरच साठविली की मूळ उरत नाही आणि ते बदलल्याची खूणही सहसा उरत नाही. कायद्याने या संकटाची दखल घेतली आहे. १८७२ च्या साक्ष अधिनियमात २००० साली कलम ६५-ब घातले गेले आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी प्रमाणपत्राची अट आली. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ अंमलात आला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश-मूल्यही नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलमधील सर्व अंकांपासून काढलेली एक लांबलचक संख्या; एका ठिपक्यातील एक आकडा बदलला तरी सगळी संख्या बदलते. न्यायालय तुमचे चित्र सुंदर आहे की नाही हे विचारीत नाही; ते कोठून आले आणि वाटेत त्याला कोणाचा हात लागला, एवढेच विचारते.

परंतु प्रत्येक गोष्ट न्यायालयापर्यंत जात नाही, आणि समाजाची स्मृती तर न्यायालयाबाहेरच घडते. तेथे कोणता नियम पाळावा? आमच्या मते त्याचा आदर्श पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. १९२५ पासून डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी तिची धुरा वाहिली. त्यांचे आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, आणि सारा ग्रंथ १९६६ साली. शेकडो पोथ्या ताडून पाहताना संपादकांस असंख्य भर घातलेले श्लोक आढळले. त्यांनी काय केले? सिद्ध पाठ वर छापला, पाठभेद प्रत्येक पानाच्या तळाशी दिले, आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टात ठेवले. व्यासांचा लेखनिक होण्यासाठी गणपतीने घातलेली अट आपण सर्वांनी बाळपणी ऐकलेली आहे. तो प्रसंगही पोथ्यांच्या साक्षीवरून परिशिष्टात गेला. तो लोकप्रिय आहे म्हणून मूळ पाठात ठेवला नाही, आणि प्रक्षिप्त ठरला म्हणून जाळलाही नाही. वाचणाऱ्यास मूळ कोणते व भर कोणती हे दिसावे, एवढीच काळजी घेतली. संपादन या शब्दाची प्रतिष्ठा ती हीच.

चित्रसंपादनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हाच नियम पाळावा असे आम्ही सुचवितो. मूळ फाइलची प्रत प्रथम वेगळी काढून तिला हात लावू नये. सर्व काम वेगवेगळ्या लेयरवर करावे. काम संपल्यावर काय काढले, काय भरले, कोणता रंग कशाच्या आधारे दिला, याची नोंद पानभर लिहावी आणि चित्राच्या सोबत ठेवावी. आणि शिक्षकाने गुण देताना त्या नोंदीस चित्राइतकेच गुण द्यावेत. हे ओझे नव्हे. ज्याला आपण केलेले बदल सांगता येतात त्यालाच ते का केले हे कळलेले असते.

हा आग्रह आम्ही का धरतो ते गोमंतकातील वाचकांच्या ध्यानात सहज येईल. श्रीमंगेशाचे लिंग १५६० साली कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास हलविण्यात आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. मूळ स्थानांवरील ती देवळे आज उभी नाहीत, आणि त्यांचे छायाचित्र कोणाही घरी मिळावयाचे नाही. १५६० आणि १८३९ यांच्यामध्ये २७९ वर्षांचे अंतर आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये शब्दांनी मागणी करताच न घेतलेले दृश्य भरून देणारे साधन आले आहे. उद्या एखाद्या भाविक व हुशार मुलाने कुशस्थळीच्या प्राचीन देवळाचे एक देखणे चित्र तयार केले, त्याला जुन्या फोटोचा तपकिरी रंग दिला, कडा फाटक्या केल्या आणि ते स्मरणिकेत छापले गेले, तर काय होईल? दहा वर्षांत ते घरोघरी लागेल, वीस वर्षांत पुरावा म्हणून दाखविले जाईल, आणि ज्या दिवशी कोणी त्याचा खोटेपणा दाखवील त्या दिवशी स्थलांतराचा खरा, कागदोपत्री इतिहासही लोकांच्या मनात संशयित होईल. आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या रात्री जिवावर उदार होऊन जे वाचविले, त्याची आठवण बनावट साक्षीदाराच्या स्वाधीन करण्यासारखे दुसरे दुर्दैव नाही. एका लबाड साक्षीदाराने खरा दावा बुडतो, हा अनुभव कोणत्याही वकिलास विचारावा.

म्हणून त्या मुलाने ते चित्र काढूच नये काय? अवश्य काढावे. त्या काळच्या देवळांविषयी अभ्यासकांनी लिहिलेले त्याने वाचावे, जवळपासच्या जुन्या अवशेषांचे दगड, कोनाडे व कमानी स्वतः जाऊन टिपाव्यात, वृद्ध मंडळींकडून परंपरेतील वर्णने ऐकावीत, आणि त्या सर्वांतून आपली रचना उभी करावी. याहून चांगला अभ्यास शाळेत दुसरा होणार नाही. मात्र चित्राच्या खाली, चित्राइतक्याच ठळक अक्षरांत, ‘कल्पनाचित्र’ हा शब्द, तयार केल्याचे वर्ष आणि आधारांची यादी असावी. मनोरथचित्रातील भाविकाने देवापुढे उभे राहताना कोणासही फसविले नाही. या मुलानेही फसवू नये. देवळाच्या जीर्णोद्धारात नवा दगड बसविला तर त्यावर साल कोरण्याची रीत आपल्याकडे कित्येक ठिकाणी आहे. चित्राच्या जीर्णोद्धारातही साल कोरलेले असावे. पुढच्या पिढीस मग जुना दगड कोणता आणि नवा कोणता हे ओळखता येईल, आणि दोहोंपुढे तिला निःशंकपणे हात जोडता येतील.